दाराआडच्या ओढण्या

तुमच्या आतेबहिणीने केलेल्या कपड्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत आणि ‘अमेझिंग’ एवढा एक शब्द पाठवलात. फोटोत जे दिसत नाही, ते सांगायला मी, तुमची आजी, हे लिहिते आहे.

ती माझ्याकडे राहून फॅशन डिझाइन शिकत होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचं एक कलेक्शन करावं लागतं. दिवसा चारचौघांत नीटनेटकं वावरणारं पुणं आणि रात्रीचं खासगी पुणं, असा विषय तिने घेतला. दिवसाचे कपडे छान जमले होते: हातमागाच्या सुती कापडाचे, गळाबंद, लांब कोट. रात्रीसाठी मात्र तिने टिकल्यांचं चमचमतं काळं कापड आणलं. अभ्यास म्हणून मैत्रिणींबरोबर कोरेगाव पार्कातल्या एका क्लबात गेली आणि कान दुखतात म्हणून लवकर परत आली.

गाइड मॅडमनी सांगितलं की यातला दिवस तुझा आहे, रात्र मासिकातून उचललेली आहे. पुढच्या रिव्ह्यूपर्यंत रात्रही स्वतःची झाली नाही, तर कलेक्शन अंतिम शोमध्ये नाही. म्हणजे वर्ष पुन्हा. त्या दिवशी ती न जेवता खोलीत जाऊन बसली.

पुढे शनिवार आला. शनिवारी जेवणं आटोपली की इमारतीतल्या तिघी माझ्याकडे पत्ते खेळायला येतात, हे तुमच्या बाबाला माहीत आहे. आम्ही सगळ्या गाऊनमध्ये असतो आणि नाशिकची थोडी थोडी वाइन घेतो, हे त्याला माहीत नाही. वाइन स्टीलच्या फुलपात्रातून घ्यायची, म्हणजे कोणी आलंच तर आम्ही पाणी पीत बसलेल्या दिसतो. दाराआड खुंट्यांवर चार ओढण्या असतात. बेल वाजली की आधी गाऊनवर ओढणी, मग दार. इथल्या बहुतेक घरांत हीच पद्धत आहे. आमच्याकडे फक्त ओढण्या जास्त.

चौघींत सगळ्यांत करड्या म्हणजे बाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. साडीला खळ, निऱ्या जागच्या जागी. त्यांचा गाऊन गच्चीवरच्या दोरीवर कधी कोणाला दिसलेला नाही. तो त्या न्हाणीघरात वाळवतात.

त्या शनिवारी डाव रंगात असताना बेल वाजली. ओढण्या अंगावर आल्या, पत्ते वर्तमानपत्राखाली गेले आणि मी दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी होते. टाकी धुणार असल्याने उद्या पाणी बंद, हे सांगायला आले होते.

“डिस्टर्ब तर नाही ना केलं?” त्यांनी विचारलं.

“केलंत,” बाई टेबलामागून म्हणाल्या. “बोला.”

त्यांनी निरोप सांगितला, फुलपात्रांकडे पाहिलं आणि जिने चढून घसा कोरडा पडला, घोटभर पाणी मिळेल का, असं विचारलं.

बाई म्हणाल्या, “पाणी तुम्हीच बंद करताय ना? मग आम्हाला आजपासूनच जपून वापरायला हवं.”

ते गेले. आतल्या खोलीच्या दारात उभी राहून तुमची बहीण तोंडावर हात दाबून हसत होती. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग ती आत गेली आणि चित्रं काढत बसली.

सकाळी तिने मला सांगितलं की टिकल्या रद्द. कोट बाहेरून तसेच कडक राहणार, पण आतलं अस्तर खऱ्या, वापरलेल्या गाऊनचं. कोट उघडला की फुलाफुलांची रात्र दिसायला हवी. शिवाय आत फुलपात्र मावेल एवढा खिसा. नवं कापड आणून तिने एक अस्तर लावून पाहिलं, पण ते पुन्हा मासिकातलंच वाटू लागलं. तिला धुऊन धुऊन मऊ झालेलंच कापड हवं होतं. मी माझा गाऊन दिला, आणखी दोघींनीही दिले. बाईंनी मात्र साफ नकार दिला. म्हणाल्या, माझ्या विद्यार्थिनी आता पालक म्हणून त्या शोला येतील, माझा गाऊन स्टेजवर मिरवायचा नाही.

तिने हट्ट केला नाही. फक्त बाईंच्या मापाचा कोट बिनअस्तराचा शिवला आणि घालून पाहायला दिला. बाईंनी तो गाऊनवरच चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, आरशात पाठ-पोट पाहिलं आणि तशाच खाली फेरी मारायला गेल्या. बागेजवळ सेक्रेटरी भेटले. त्यांनी विचारलं, “मीटिंगला निघालात का?” बाईंनी हो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, इस्त्री केलेला गाऊन घेऊन त्या आल्या. फिका जांभळा, कोपराशी ठिगळ.

“आत लाव,” त्या तिला म्हणाल्या. “पण माझा कोट कोणी उघडून दाखवायचा नाही.”

मला काळजी वाटली. कोट उघडण्यावरच तर सगळं कलेक्शन उभं होतं.

रिव्ह्यूहून ती आली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. मुलींनी एकेक कोट उघडून दाखवला होता, शेवटची तशीच बंद कोटात चालत गेली होती. मॅडमनी कारण विचारलं.

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“म्हटलं, जिचा आहे तिची इच्छा नाही.”

त्यावर मॅडम म्हणाल्या की हाच कोट शोमध्ये शेवटी ठेव, आणि बंदच ठेव.

तुम्ही पाहिलेल्या फोटोंतला शेवटचा, राखाडी, तो हाच. शोनंतर तिने तो बाईंना दिला. थंडी पडली की त्या तो घालून बँकेत जातात, आणि तिथले लोक उठून खुर्ची देतात. तुमची बहीण आता पुढच्या कलेक्शनसाठी इमारतीत गाऊन मागत फिरते, आणि आश्चर्य म्हणजे लोक देतात. हे सगळं तुम्हाला कळवू का, असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, लांब आहेत, कळवा. त्यांच्या बाबाला मात्र नको, तो माझा विद्यार्थी आहे.