तिसरं नबद

माझ्याकडून एक चूक झाली. चालत्या गाडीत, मागे न बघता, मी एका मुलीचं दुखणं मोठ्याने बोललो. वाक्य जेमतेम एका ओळीचं होतं. त्याची किंमत मात्र एद्दोने मोजली, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

एद्दो सोमालियाची. तरुणपणी पुण्यात शिकली, तिथलंच मोडकंतोडकं मराठी तिच्या तोंडात राहिलं. पुढे नवी मुंबईच्या इस्पितळांत येणाऱ्या आपल्या देशाच्या रोग्यांसाठी ती दुभाषी झाली. त्या रोग्यांची ने-आण माझ्या गाडीतून व्हायची. दोन वर्षांपूर्वी ती भावाच्या मुलीला, होदनला घेऊन किहीमला आमच्याकडे राहायला आली. आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. ‘एद्दो’ म्हणजे त्यांच्या भाषेत आत्या. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “मंग आत्याबायच म्हणीन मी.” मी मात्र एद्दोच म्हणायचो.

एद्दोचा नमस्कार लवकर संपत नसे. ‘नबद’ म्हणजे शांती, खुशाली. सकाळी पडवीत आली की सुरू. “आई, नबद? गुडघा नबद? सून नबद? नारळ नबद?” आई हसून म्हणायची, “नारलाला काय धाड भरलीय? हाय तो नबद.” एवढं झालं की एद्दो पुन्हा पहिल्यापासून विचारायची. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो, आत्ताच सांगितलं ना तिने?” एद्दो म्हणाली, “भाऊ, पहिला नबद लोकांसाठी असते. दुसरा देवाला वाईट वाटू नये म्हणून. तिसरा खरा. तिसऱ्यापर्यंत कोण थांबतच नाही.”

होदन अठ्ठावीस वर्षांची. तिचं डोकं दुखतं, असं एद्दो सगळ्यांना सांगायची. इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. मग कोणीतरी अलिबागच्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. होदन झोपत नसे, बोलत नसे. पहाटे किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसायची. महिन्याभराने ती आमच्यासमोर पहिलं वाक्य बोलली. एद्दोने ते मराठीत सांगितलं, “ती म्हणते, तुमचा समुद्र उलटा आहे.” त्यांच्या गावी सूर्य समुद्रातून वर येतो. इथे ती रोज समुद्रात सूर्य शोधायची, आणि तो तिच्या पाठीमागून, माडांतून यायचा.

गोळी द्यायची एद्दोची एक पद्धत होती. पेल्यातल्या पाण्यावर ती हळू आवाजात कुराणातलं काही म्हणायची, फुंकर घालायची आणि त्याच पाण्याबरोबर होदनला गोळी द्यायची. मला गंमत वाटे. तिला ते कळलं असावं. म्हणाली, “दुआ आणि गोळी भांडत नाहीत, भाऊ. माणसं भांडतात.”

हा डॉक्टर कसला, ते फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. एद्दोने पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, “आमच्या भाषेत दोन खोल्या आहेत. एक शहाण्याची, एक वेड्याची. मधे तुमच्यासारखी पडवी नाही. कोण थोडा दमला, थोडा मोडला, तर त्याला बसायला जागा नाही. एकदम वेड्याच्या खोलीत ढकलतात. म्हणून गप्प राहा.”

मी मान डोलावली होती.

रविवारी एद्दोच्या ओळखीची सोमाली कुटुंबं किहीमला यायची. डबे आणायची, भाताबरोबर केळं खायची. आईने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तोंडाला पदर लावला होता, “अगो बाय, भातात केलं!” अशाच एका रविवारी मी सगळ्यांना अलिबागला किल्ला दाखवायला नेत होतो. मागच्या सीटवर होदन होती आणि तिच्या मांडीवर शेजारच्या बाईचं तान्हं बाळ. बाळ तिची ओढणी चघळत होतं, आणि आरशात मला होदन हसताना दिसली. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यातच मी ओरडून विचारलं, “एद्दो, होदनच्या गोळ्यांसाठी मेंटल डॉक्टरकडे थांबायचं ना?”

‘मेंटल’ सगळ्यांना कळलं.

बाळाची आई वाकली आणि तिने बाळ होदनच्या मांडीवरून उचलून घेतलं. रागाने नव्हे, जपून. गरम भांड्याजवळून मूल बाजूला घेतात तसं. होदनचे हात तसेच राहिले, बाळ असल्यासारखे.

त्या दिवसापासून तिने गोळ्या सोडल्या. खोलीचं दार बंद. तिसऱ्या दिवशी आईने नेलेली पेजही तशीच परत आली. डॉक्टर एद्दोला म्हणाले, औषध असं मधेच तुटलं तर पोरगी पुन्हा होती तिथे जाईल. एद्दो मला एका शब्दानेही बोलली नाही. आई बोलली, “गाडी चालवतोस ती चालव. तोंड कशाला चालवतोस रं मेल्या?”

पुढच्या रविवारी एद्दोने स्वतः सगळ्या बायकांना बोलावलं. पडवीत चटई घातली, लवंग-वेलची घालून चहा केला. होदनच्या खोलीचं दार पडवीतच उघडायचं. ते बंद होतं. मी आतल्या खिडकीशी उभा होतो. बाहेर यायचं धाडस नव्हतं. नमस्कार सुरू झाले, नबद, नबद. सगळ्यांत वयस्कर बाईने एद्दोला तिसऱ्यांदा विचारलं, आणि एद्दो म्हणाली, “नाही.” मग तिने चहाच्या तबकात, साखरेच्या वाटीशेजारी, गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. ती सोमालीत बोलली आणि नंतर आईसाठी मराठीत. “ह्या माझ्या आहेत. चार वर्षं घेते. माझा मुलगा बाजारात गेला. बॉम्ब फुटला, मग बाजारच राहिला नाही. त्याच्यानंतर मी पण अशाच डॉक्टरकडे जाते. होदनच्या आधी मी.”

इतकी वर्षं ती लोकांची दुखणी डॉक्टरांना सांगत होती. स्वतःचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. होदन एकटी पडू नये म्हणून ती स्वतः त्या वेड्याच्या खोलीत तिच्या शेजारी जाऊन बसली. जी पडवी तिच्या भाषेत नव्हती, ती तिने त्या दिवशी आमच्या घरात बांधली.

आईने चहाचा कप खाली ठेवला. मग आईच म्हणाली, “आमच्या ह्यांना पन व्हतं. दोन वरसं भितीकडं बघत बसायचे. आमी लोकांना पित्त सांगायचो.” माझ्या वडिलांचं, अप्पांचं ते ‘पित्त’ गावभर मीच सांगत फिरलो होतो.

होदनचं दार त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं उघडलं. गोळ्या सुरू झाल्या. बाळाची आई मात्र दोन रविवार आलीच नाही. तिसऱ्या रविवारी आली, आणि काही न बोलता बाळ होदनजवळ देऊन डबे उतरवायला गेली.

मी माफी मागितली नाही. मागायच्या ऐवजी मासळी आणत राहिलो. आज सुरमई, उद्या बोंबील. बॅगा उचलल्या, औषधं आणून दिली. एद्दोने सगळं घेतलं. एकदा सुरमई साफ करताना खाली मान घालूनच म्हणाली, “मासा चांगला आहे, भाऊ. पण मासा बोलत नाही.”

गेल्या महिन्यात त्या दोघी आपल्या देशी परत जायला निघाल्या. मी त्यांना मांडव्याच्या जेट्टीवर सोडलं. आईने होदनच्या पिशवीत नारळ कोंबले होते. बोट लागली, लोक चढायला लागले. एद्दो थांबली आणि माझ्याकडे वळली.

“भाऊ, नबद?”

“नबद.”

“घर नबद? गाडी नबद?”

“नबद.”

“नबद?”

मागून कोणीतरी पिशवीने ढकललं. मी म्हणालो, “नाही, एद्दो.”

“मग मला नको सांगू,” ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

समोर होदन उभी होती. आईकडून ती पुरेसं मराठी शिकली होती. एद्दोने दुभाषीपण केलं नाही, ती समुद्राकडे बघत राहिली.

मी म्हणालो, “होदन, माझ्या बापाचं दुखणं मी वीस वर्षं लपवलं. तुझं एका दमात सांगून टाकलं. ते तुझं होतं. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरवायचं होतंस. माझं चुकलं. मला माफ कर.”