खांबाला हात

थेरगावात आमचा बँड वाजला की आवाजाच्या मिक्सरवर एकच साउंडवाला पोरगा असायचा. सकाळी चाकणच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर शिफ्ट, संध्याकाळी आमचा साउंड. गाणं सुरू झालं की शेवटच्या खुर्च्यांमागे जाऊन मांडवाच्या लोखंडी खांबाला तळहात लावून थरथर बघायचा. "लागतंय," म्हणाला की समजायचं, माझी बेस गिटार मागपर्यंत पोचली.

मी आवाज बदलणारी नवी पेडलं घेतली आणि खांबाला काही लागेना. घरी एकट्यानं वाजवताना खिडकी थरथरायची. बँडमध्ये मात्र ड्रम आणि दोन गिटारींखाली नुसता आवाजाचा चिखल.

"सर, पेडल जरा कमी करा, सूर दबतोय," तो हळूच म्हणाला.

मी सगळ्यांसमोर सुनावलं, "तू वायरी लाव. प्रेसवर कान गेलेत तुझे."

"व्हय सर," म्हणून तो वायरी लावायला वाकला.

त्या संध्याकाळी बेस घुमला. लोक हात मिळवायला आले आणि मी त्यांना पेडलं दाखवत बसलो.

आवरताना पाहिलं, तर गिटारची वायर आधी त्याच्या एका डबीत जात होती. तिथून साधा आवाज थेट मिक्सरला, आणि पेडलांचा फक्त माझ्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरला. पेडलं माझ्याशिवाय कुणी ऐकलीच नव्हती.

"तुमचाच हात वाजत व्हता, सर," एवढंच तो म्हणाला.

पेडलं मी अजून नेतो. लोकांसमोर पायानं दाबतो. तो डबी लावतो आणि मागे जाऊन खांबाला हात टेकवतो. तेव्हा मी मान वर करत नाही.