केसपेपरावरचं नाव
मी चौथीपर्यंतच शिकले, अक्षर बरं नाही, चुकाही पुष्कळ होतील, कुणी वाचलंच तर माफ करावं. शेजारच्या घरी छताला पीओपी करताहेत, त्या ओल्या वासानं मला वर्ध्याचा दवाखाना आठवला. माझी लेक तीन आठवड्यांची होती, दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली. सासूबाई आणि मी तिला प्लास्टर घालायला आष्टीहून नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरासाठी तिचं नाव विचारलं. मी म्हणाले, "वाकडी." त्यांनी पेन खाली ठेवला. "पावलं वळलेली आहेत, बाई. मुलीला नाव असेल ना?" नाव होतं, पण आजेसासूबाईंचं ठेवलेलं. सासूबाई म्हणाल्या, "ते माह्या सासूचं नाव हाय. मी घेत नाई, हे सून बी घेत नाई. म्हणून वाकडी म्हणतो." बाई हसल्या नाहीत. "मी थांबते," एवढंच म्हणाल्या. मागून कुणी ओरडलं, "सांगा न लवकर, आमची बस चुकते." एवढी शिकलेली बाई माझ्या तान्ह्या लेकीच्या नावासाठी थांबून राहिली, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. शेवटी सासूबाईंनी हात जोडले, आपल्या सासूला उद्देशून "माफ करजा, आत्याबाई," म्हणाल्या, आणि ते नाव मोठ्यानं घेतलं. बाईंनी ते लिहिलं, त्याच नावानं लेकीला हाक मारली आणि मगच तिचं पाऊल हातात घेतलं. परतताना बसमध्ये मीही ते पहिल्यांदा तिच्या कानात म्हणाले. आता लेक स्वतः आई झाली आहे, तरी तिला हाक मारताना माझा हात आधी डोक्यावरच्या पदराकडे जातो.