हातात राहिलेली ढाल

रेणू, तेजस, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, शेवटच्या डावात आजोबा मुद्दाम हरले ना?" त्याचं उत्तर आज लिहिते आहे.

आजोबा गेल्यापासून तुमच्या जादुई पत्त्यांचा जोड टेबलावरच होता. सकाळी तो आवरताना धुक्याची ढाल वर आली. ड्रॅगनचा हल्ला परतवणारं एकमेव पान. आजोबा ते नेहमी राखून ठेवत. म्हणत, "समोरचा काय टाकतो ते आधी बघायचं. घाई करतो तो हरतो."

त्या शेवटच्या डावात तेजसने तिकडून, व्हिडिओ कॉलवर, ड्रॅगन उतरवला. "बोला आजोबा, आता काय कराल?" ढाल त्यांच्या हातातच होती. मी शेजारी बसून पाहत होते. त्यांनी अंगठा पानाच्या कडेवरून फिरवला आणि मला हळूच विचारलं, "अगं, हे पान कशाचं?" तुम्ही तिकडे नाचत होतात. ते तुमच्याकडे बघून हसले.

समोरच्याच्या हातात काय असेल, हे ओळखण्यात माणसाचा जन्म जातो. मग एक दिवस स्वतःच्याच हातातलं पान त्याला परकं होतं. त्यावर तोड मला कुठेच सापडली नाही.

तेव्हा तेजस, ते मुद्दाम हरले नाहीत. तसं हरणं त्यांना तुमचा अपमान वाटे. दिवाळीत तू जिंकलास, तेव्हा ते चिडून चहा न घेताच उठले होते. तो डाव खराखुरा होता, आणि तो तुझाच आहे.