परत आलेली काठी

मुलांनो, मागच्या आठवड्यात सांगवीतल्या कुरिअरच्या दुकानात एक गृहस्थ दिसले. नाव विचारायचं राहिलं. चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आलेले, अंगावर कंपनीचाच निळा शर्ट. मासे पकडायच्या काठ्या ते ऑनलाइन स्वस्तात विकतात. परत आलेलं पार्सल त्यांनी तिथंच फोडलं, काठी नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून घेतले.

"मासा लागलाय हिला. रविवारी नदीवर नेतात अन् सोमवारी 'खराब निघाली' म्हणून परत धाडतात."

दुकानदार म्हणाला, "पुसून टाका की भाऊ. नवी म्हणून खपेल."

"नाय राव. पुढच्यालाही नाक असतंय." त्यांनी खिशातून पेन काढून खोक्यावर 'वापरलेली' असं सावकाश लिहिलं. "अशा अजून चार आल्या की धंदा बंद. परत आपला ओव्हरटाइम."

काठी काखेत घेऊन ते निघून गेले.

"काकू, तुमचं काय पाठवायचंय?" दुकानदाराने विचारलं.

माझ्या पिशवीत परत पाठवायचे ऑनलाइन मागवलेले बूट होते. आठ दिवस बागेत फिरून झाल्यावर मला त्यांचा रंग नापसंत पडला होता.

"काही नाही, सहज आले होते," मी म्हणाले.

रोज तेच घालून फिरते. रंग अजूनही आवडत नाही.