आंबेच्या कापडाचं दुसरं टोक

पहाटेच्या हरभऱ्यातून अनवाणी चालताना पोटऱ्यांना आधी गार लागतं, आणि त्या गारव्याचं सुख अंगात पुरतं मुरण्याआधीच कातडी चुरचुरू लागते. पानापानावर दहिवर असतं. पण ज्वारीच्या पातीवर असतं तसं ते निरागस नसतं. हरभरा रात्रभर अंगातून आंबट पाझरत असतो आणि दहिवर ते सगळं आपल्यात घेऊन सूर्याची वाट बघत थांबतं. बोट ओलं करून जिभेला लावावं, तर डोळे आपोआप मिटतात, दात शिवशिवतात, आणि क्षणभर दुसरं काही सुचत नाही. या आंबट पाण्याला आमच्याकडं आंब म्हणतात. आज शहरातल्या घरात साधं लिंबू चिरतानाही मला ती पहाट आठवते, आणि तिच्या पाठोपाठ एक कोडं आठवतं, जे कॉलेजात असताना मला पडलं आणि अजून धड सुटलेलं नाही. सुटलं असं वाटतं तेवढ्यात पुन्हा गाठ बसते.

आमचं गाव अणदूरच्या शिवारालगतचं. आईला आम्ही अव्वा म्हणत असू, कारण तिचं माहेर आळंदच्या बाजूचं, कानडी मुलखातलं. रागावली किंवा गहिवरली की ती अजून तिकडचीच व्हायची. वडील लवकर गेले. थोरली बहीण आक्का लग्न होऊन गेली आणि पांढऱ्या कपाळानं परत आली. घरात त्या दोघी, आणि सुट्टीपुरता मी. पौषात हरभरा घाट्यांवर आला की अव्वा जुनं, स्वच्छ धुतलेलं धोतर दिवस मावळताना पिकावर अंथरायची. पहाटेपर्यंत ते आंबेनं जड होई. मग एका टोकाला अव्वा, दुसऱ्या टोकाला आक्का, दोघी उलट्या दिशांनी पीळ देत आणि मधल्या फुगवट्यातून धार खाली ठेवलेल्या चिनी मातीच्या बरणीत पडे. तांब्यापितळेचं भांडं चालत नसे. आंब ते खाऊन टाकते. पोटदुखीला, अजीर्णाला, वाखा होऊन जुलाब-उलट्या लागलेल्या लेकराला चमचाभर आंब न्यायला सगळं गाव आमच्या दारात यायचं. एकट्यानं ते कापड पिळता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मी हैदराबादला शिकत होतो. तिथं रसायनशास्त्रसुद्धा उर्दूतून. अॅसिड म्हणजे तेजाब, आणि आमचे प्रोफेसर साहेब त्या तेजाबावर असं बोलायचे, की जणू मुशायऱ्याला बसलेत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर सिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, तेजाब काढलं. म्हणाले, हे गरीब तेजाब आहे; आपल्याजवळचा हायड्रोजन घट्ट धरून बसतं, सहजी सोडत नाही. मग त्यांनी त्याच साखळीच्या शेजारच्या कार्बनवर एक क्लोरीन बसवला, आणि म्हणाले, आता बघा, हेच तेजाब किती तरी पटीनं जोरदार झालं. क्लोरीननं हायड्रोजनला हात लावला का? नाही. तो दुसऱ्याच कार्बनवर बसून इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढतो. ती ओढ साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडं पोचते, आणि पार दुसऱ्या टोकाला हायड्रोजनवरची पकड सैल होते. तोच क्लोरीन एक घर लांब सरकवला की ओढ निम्म्याहून मंदावते. आणखी लांब नेला तर असून नसल्यासारखा. उलट एखादा मिथिल शेजारी आला, की तो ओढण्याऐवजी इलेक्ट्रॉन आणखी पुढं ढकलतो आणि पकड अधिकच घट्ट करतो; सिरक्यात तो असतो, मुंगीच्या डंखातल्या तेजाबात नसतो, म्हणून तर सिरक्यापेक्षा मुंगीचं तेजाब जहाल. या सगळ्याला इंडक्टिव्ह इफेक्ट म्हणायचं.

वर्गातले बाकीचे माना डोलावून लिहून घेत होते, आणि मी गोंधळून बसलो होतो. बळकट कोणाला म्हणतात हो आपल्याकडं? धरून ठेवतो त्याला. बैलाचा कासरा सुटू देत नाही तो गडी, संसार हातून निसटू देत नाही ती बाई. आणि इथं सांगत होते, की जो सोडतो तो जोरदार, आणि जो धरून बसतो तो दुबळा. शिवाय ज्यानं शिवलंच नाही, त्याच्या नुसत्या शेजारानं एखाद्याची मूठ कशी काय सैल होते? मी उठून विचारलं. प्रोफेसर साहेब हसले आणि म्हणाले, "मियाँ, जानेवाले को मत देखो. जो पीछे रह गया, उसे देखो." वर्ग हसला, तास संपला, आणि माझ्या डोक्यात होता तो गुंता आणखी वाढला.

निजामी अंमलाचा तो शेवटचा हिवाळा. वातावरण तापलं म्हणून कॉलेज बंद झालं आणि मी गावी आलो, तर घरात वेगळंच शिजत होतं. सोलापूरच्या मामांनी आक्कासाठी तिथल्या दवाखान्यात नर्सिंग शिकायची सोय केली होती. करोडगिरीचा, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीचा, नाका ओलांडला की पलीकडं हिंदुस्थान, पलीकडं शाळा, दवाखाने, पगाराची नोकरी. अलीकडं आक्कासाठी होतं काय? चूल, शेत आणि लोकांच्या नजरा. आक्काला जायचं होतं. ती ते तोंडानं म्हणत नव्हती, पण कपड्यांचं बासन बांधून तयार होतं. आणि अव्वा सोडत नव्हती. मामा समजावून थकले. अव्वा त्यांना प्रत्येक वेळी एकच सांगायची, "अण्णा, तुमी म्हणता ते समदं खरं हाय. पर हिला पाठवून दिल्यावर ह्या कापडाचं दुसरं टोक कोण धरंल?"

मामा वैतागायचे. बाई एका धोतरापायी पोरीचा जन्म वाया घालवते, असं त्यांना वाटे. मलाही तसंच वाटलं. नव्या विद्येची झिंग अशी, की मी घरातल्या माणसांना मनोमन कार्बनच्या साखळीत बसवून टाकलं. अव्वा म्हणजे तेजाब, आक्का म्हणजे हायड्रोजन, आणि मामा क्लोरीन. मग लक्षात आलं, क्लोरीन फारच लांब बसलाय, सोलापुरात. इतक्या घरांपलीकडून त्याची ओढ पोचणार कशी? तेव्हा मीच जवळचा क्लोरीन व्हायचं ठरवलं. रोज जेवताना आक्काच्या बाजूनं बोलायचो. आक्काची हुशारी सांगायचो, काळ बदलल्याचं सांगायचो. जितकं बोलायचो तितकी अव्वा घट्ट व्हायची. मी तिला भाकरी वाढू का विचारलं तरी ती आक्काचा हात धरायची. म्हणजे मी ओढत होतो की ढकलत होतो? क्लोरीन व्हायला निघालो होतो आणि मिथिल झालो होतो की काय, माझं मलाच कळेना.

मामांनी आक्काला न्यायला यायचा दिवस ठरवला. शेवटचं विचारतो, म्हणाले. आता नाही तर कधीच नाही, जागा दुसरीला जाईल. त्या पहाटे अव्वा बरणी काखेत मारून शेताकडं निघाली. आक्का उठली नाही. ती उंबऱ्यात बासनाजवळ बसून राहिली. माहेरी परत आल्यापासून आंबेला न जाण्याची तिची ती पहिली पहाट असावी. मी अव्वाच्या मागं गेलो. तिनं वाकून कापड उचललं, एक टोक हातात घेतलं आणि ताठ उभी राहिली. दुसरं टोक हरभऱ्यात लोळत होतं. मी पुढं झालो तर म्हणाली, "तू बाजूला हो. आज हाईस, उद्या हैदराबादला जाशील. तुज्या धरण्याला काय करू मी?" तिचा आवाज फाटला होता. अव्वाला भीती वाटते आहे, हे मला तेव्हा कुठं दिसलं. इतके दिवस मी तिचा हट्ट बघत होतो.

आमच्या बांधाला बांध लागून मुलाण्याच्या रहिमतखालाचं वावर होतं. तीही एकटीच, वयानं अव्वाएवढी. भाजीला हरभऱ्याचे शेंडे खुडायला ती आली होती. त्या दिवसांत गावातली माणसं एकमेकांना बघून बोलणं बदलू लागली होती. अव्वा आणि खालासुद्धा पूर्वीसारख्या बांधावर बसत नव्हत्या. खाला लांबून बघत उभी होती. मग तिनं ओटीतला पाला बांधावर ठेवला, हरभऱ्यात लोळणारं टोक उचललं, झटकलं, आणि म्हणाली, "पिळो भैना. धूप चढी तो सब सूक जाताय." बस्, एवढंच. आक्काचं नाव नाही, सोलापूरचं नाव नाही, मी आहे म्हणून दिलासा नाही. दोघींनी पीळ दिला. धार बरणीत पडू लागली. अव्वा कापडाकडं बघत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि पिळता पिळताच ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "होगली बिडु." कानडीत त्याचा अर्थ, जाऊ दे तिला. मी गावाकडं पळत सुटलो.

आक्का गेली. खाला त्या दिवसापासून झोपायलाही आमच्या सोप्यात येऊ लागली. दोन्हीकडच्या लोकांना ते रुचलं नाही, दोन्हीकडून टोमणे आले. दोघींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढं पुस्तक उघडलं तेव्हा प्रोफेसर साहेबांचं वाक्य मला हळूहळू कळू लागलं. हायड्रोजन निघून गेल्यावर मागं उरणाऱ्यावर एक भार येतो, त्याचा ऋण विद्युतभार. तो एकट्यानं सोसायचा असेल तर सोडण्याचं धैर्य होत नाही. शेजारचा क्लोरीन खरं तर तो भार थोडा आपल्याकडं ओढून घेतो. उरलेल्याला उरणं सुसह्य करतो. आम्ही सगळे आक्काला ओढत होतो. खालानं आक्काकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं अव्वाकडं पाहिलं. मग तेजाबाचा जोर नेमका कोणाचा मानायचा? सोडणाऱ्याचा, की शेजाऱ्याचा? पुस्तकात तो एकाच्या नावावर मांडलेला असतो. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आणि एवढं कळलं असं म्हणेपर्यंत पुढची गाठ बसली. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि भीतीनंही घर बदललं. आता ती खालाच्या दारात येऊन बसली. अव्वानं खालाला महिनाभर आमच्याच माजघरात ठेवून घेतलं. मग तिचा भाऊ गुलबर्ग्याहून न्यायला आला. अव्वानं बरणीतली आंब एका बाटलीत गाळून तिच्या पदरात बांधली, वेशीपर्यंत गेली, आणि परत येऊन चुलीपुढं बसली. या वेळी तिचा भार कोणी ओढून घेतला? शेजार तर रिकामा झाला होता. ज्या शेजारानं तिला सोडायचं बळ दिलं, तोच शेजार सोडायला तिच्याजवळ बळ आलं कुठून? कोणत्या पुस्तकात बघू? मी बरीच बघितली.

त्या पौषात मी घरी होतो. पहाटे अव्वा बरणी घेऊन निघाली, मी न विचारता मागं गेलो. पोटऱ्या गारठल्या, मग चुरचुरल्या. पलीकडच्या वावरात त्या वर्षी कोणी पेरलं नव्हतं. अव्वानं कापड उचललं आणि एक टोक धरून उभी राहिली. दुसरं मी उचललं. या वेळी तिनं मला बाजूला हो म्हटलं नाही. भिजलेलं धोतर इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. बोटांच्या चिरांत आंब शिरून आग होत होती, आणि मी ते टोक कसंबसं सावरून त्या रिकाम्या वावराकडं बघत राहिलो. अव्वानं आपल्या टोकाला एक पीळ दिला. मग म्हणाली, "आरं, नुसतं धरून काय उभारलास? वड की."

मी ओढलं. तिच्या हातातला ताण कापडातून माझ्या हातात आला, आणि बरणीत धार लागली.