वेढेबाईंचं उलटं गणित

तंत्रशाळेत त्यांना सगळे वेढेबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी ट्रान्सफॉर्मर शिकवला होता. "तारेच्या वेढ्यांचं जे प्रमाण तेच व्होल्टेजचं, करंटचं बरोब्बर उलट," हे वाक्य त्यांच्या नवऱ्यालाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. अर्थ मात्र त्याने कधी विचारला नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी वादळात तारा तुटल्या. दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावून लाइनमन वर चढत होता. तेवढ्यात खाली कसलीशी घरघर सुरू झाली आणि जिन्यातला दिवा लागला.

"अगं, आली बघ वीज!" नवरा खालून ओरडला.

तारा अजून जोडल्याच नव्हत्या, मग वीज कुठून आली? बाई धडधडत जिना उतरल्या. मागच्या खोलीच्या दाराबाहेर शेजाऱ्याकडून आणलेला जनरेटर घुरघुरत होता. त्यातून निघालेल्या वायरचं दुसरं टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसलेलं होतं.

"अहो, मेन स्विच पाडलात का?"

"तो कशाला पाडायचा?"

बाईंना शिडीवरचा लाइनमन आठवला. त्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्यांचं एकट्याचंच घर जोडलेलं होतं; जनरेटरचा जोर वाटून घ्यायला दुसरं घर नव्हतं. अकरा हजार व्होल्ट आत, अडीचशे बाहेर. प्रमाण चव्वेचाळीसास एक. जनरेटरचे अडीचशे मागून शिरले, तर वरच्या तारेवर पुन्हा अकरा हजार! घरातून चार पूर्णांक चार अँपियर गेले, तर तिकडे एक दशांश. माणूस मरायला तेवढा पुरतो. आयुष्यभर हे गणित त्यांनी वरून खाली उतरवलं होतं. खालून वर एकदाही सोडवून दाखवलं नव्हतं.

त्यांनी झेप घेऊन जनरेटर बंद केला आणि त्या अनवाणीच रस्त्यावर धावल्या.

लाइनमन शिडीवर खिळल्यासारखा उभा होता. हातात तारेत वीज आहे का ते तपासायची लांब काठी.

"बाई, वीज येते त्या बाजूचा फ्यूज मी स्वतः काढलाय. तरी काठी वाजली! हात पुढे करणारच होतो."

"आमच्या घरातून... जनरेटर..." बाई धापा टाकत म्हणाल्या.

तो हळूहळू खाली उतरला आणि फूटपाथवर मटकन बसला. कधीकाळी तो त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने काठी शेजारी आडवी ठेवली. मग तो म्हणाला, "घरी मुलगी चार महिन्यांची आहे." नवरा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो आत गेला आणि सॉकेटमधली वायर उपटून काढली.

आठवडाभरात घरात बदली स्विच बसला. आता जनरेटर चालू करायचा तर बाहेरची लाइन आधी तुटायचीच. तरी लांबून कुठे जनरेटरची घरघर ऐकू आली की बाईंच्या हातातलं काम थांबे.

पुढच्या महिन्यात त्यांनी तंत्रशाळेत एक तास मागून घेतला. फळ्यावर आकडे मांडले, बाण या वेळी उलटा काढला आणि घडलेलं सांगायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मागच्या बाकावर बसलेला नवरा उठून पुढे आला.

"ती वायर मी जोडली होती," तो म्हणाला. "कशी, ते सांगतो. नीट ऐका."